दुसऱ्यांदा दिलेलं नाणं

गुरुवार, दिवेलागण. मळमड्डी.

लिहून टाकते.

देवाच्या फुलांचे पैसे फोनमधल्या त्या बिननावाच्या नाण्यानं दिले. फुलवाल्या गिरिजाची पैसे आल्याचं सांगणारी पेटी कानडीत बोलली. हे नाणं आधीच वापरलेलं आहे, देणारे मधुकर व्यंकटेश इनामदार.

यांचं नाव. यांना जाऊन वर्ष होत आलं.

गिरिजा दचकलीच. "अक्का, अण्णांनी दिलंय म्हणतंय की हो!"

रोख देऊन घरी आले आणि लेकीला फोन केला. यांच्या जुन्या फोनमधलं सगळं तिनंच माझ्या फोनात उतरवलं होतं. त्यात यांनी खर्चलेली नाणीही आली. म्हणाली, "आई, नाणं एकदाच दिलं तर कुणी दिलं ते बँकेलाही कळत नाही. तेच परत दिलं की लबाडी धरायला मूळ मालकाचं नाव बाहेर पडतं. पुसून टाक सगळी."

म्हणजे नाव त्या नाण्यातच होतं? इतके दिवस माझ्या पिशवीत, गप्प?

लग्नातला उखाणा सोडला तर चाळीस वर्षांत मी यांचं नाव तोंडानं घेतलं नाही. आता घरात ते घेणारं कुणीच नाही. आणि पेटीनं किती सावकाश घेतलं, बापाच्या नावासकट. दारात उभं राहून विचारावं तसं, आहेत का घरात?

अशी अजून सहा नाणी होती. पुसायला बसले.

पाच पुसली. उद्याही फुलं लागतीलच.