झोप येईल अशी गाडी

९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि रोज काहीतरी आडवं येतं. परवा कागद पुढ्यात घेतला होता, तेवढ्यात खिडकीतून एक माणूस डोक्यावर मोठा आरसा घेऊन जाताना दिसला. आरशात अख्खं आभाळ चाललं होतं, ढगांसकट. मी त्याच्या मागे चालत सुटलो. परत आलो तेव्हा पेनाचं टोपण हरवलेलं होतं. तू म्हणशील, याचं नेहमीचंच. नेहमीचंच आहे.

पण तुझं काम विसरलो नाही. बाबांसाठी जुनी, मोठी, ऐसपैस गाडी बघ, मागच्या सीटवर त्यांना झोप लागेल अशी, असं तू लिहिलंस. जन्मभर लाँचच्या इंजिनावर काम केलेल्या माणसाचा घरी बसल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही, गोळ्यांनी काही होत नाही, आणि कोणाच्या चालत्या गाडीत बसले की मात्र मान टाकतात, हे वाचून मला हसू आलं, आणि मग मी ती ओळ पुन्हा वाचली.

तर ऐक. मी सध्या ज्या गॅरेजात गाड्या धुतो, तिथे दोन गाड्या नजरेत भरल्या आहेत. दोघीही एके काळी बड्या लोकांच्या दारात उभ्या राहिलेल्या. पहिली दुधी रंगाची. तिला मी मावशी म्हणतो. दार लावलं की बाहेरचं जग बंद. इंजिन चालू आहे की नाही हे कळायला काटा बघावा लागतो. संध्याकाळी उभी केली की सकाळपर्यंत मागून खाली बसते, चालू केली की कण्हत उठते. दुसरी काळी, गॅरेजच्या मालकांची, मेस्त्रींची स्वतःची, तिचं नाव काका. एसी मेलेला, एका दरवाजाला पोचा, आणि चालू झाली की घसा खाकरून घरघरायला लागते ती थांबतच नाही.

मी ठरवलं, झोपेसाठी गाडी घ्यायची तर झोपूनच बघायची. मावशीच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आता म्हाताऱ्या झाल्यात. त्या चालवायला बसल्या, मी मागे आडवा झालो. जागा झालो तेव्हा मांडीवर कोबी होता. बाईंनी बाजार केला होता, बहिणीकडे चहा घेतला होता, आणि मला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. गाडी कशी चालली म्हणून मेस्त्रींनी विचारलं, तर मला एक वळणसुद्धा आठवेना. याहून मोठी शिफारस कुठली? मावशी नक्की करू का, कळव.

फोन करत नाही, कारण तू फोनवर असलीस की बाबा शेजारीच बसलेले असतात आणि माझ्याशी बोलायचं नाही म्हणून खोकत राहतात.

लोभ आहे तितका ठेव, राग असेल तो पोस्टात हरवू दे.

तुझा,
भोवरा

१६ ऑक्टोबर

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चष्म्याच्या दुकानात बसून वाचलं आणि कोबीपाशी इतकी हसले की गिऱ्हाईकाला वाटलं त्याच्या नव्या फ्रेमला हसले. त्याने ती फ्रेम परत केली. नुकसान तुझ्या नावावर.

पण अरे शहाण्या, झोपेची परीक्षा तू द्यायची? तू शाळेत फळ्यासमोर उभ्या उभ्या झोपायचास. तुला खडूची पेटी दिली तरी तिच्यात झोपशील. परीक्षा बाबांची आहे, आणि त्यांना शांतता नकोच आहे. शांततेनेच तर त्यांना जागं ठेवलंय. तुला कधी लिहिलं नाही, आता लिहिते. महिन्यापूर्वी मी दुकानातून आले तर बाबा मोरीत, कपड्यांच्या मशीनला पाठ टेकून बसलेले. मशीन फिरत होतं आणि ते झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, लाँचवर बसायचे तसेच. मशीन थांबलं आणि ते जागे झाले. मला बघून म्हणाले की साबण शोधत होतो.

तेव्हापासून मी धुतलेल्याच चादरी पुन्हा मशीनमध्ये टाकते. त्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे. चादरी मात्र विरत चालल्यात.

बसमध्येही झोपतात, पण शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उठवतो. मागे एकदा भलत्याच डेपोत उतरले आणि घरचा रस्ताच आठवेना. खूप थकलेत रे. जिना चढताना मधेच थांबतात आणि भिंतीवरचं काहीतरी बघतोय असं दाखवतात. भिंतीवर काही नाही.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. दोन्ही गाड्यांबद्दल एकच विचारलं, आवाज कसा आहे. मग तू सांग, कुठली घ्यायची.

आणि एक. गाडी तुला येते, मला येत नाही. शिकायला गेले तेव्हा फाटकाचा खांब पाडला, तो अजून वाकडा आहे. चालवणार कोण, ते तू पत्रात गाळलंस. विनाड्रायव्हरची गाडी म्हणजे छप्पर असलेला बाक.

जेवत जा. माझी आठवण ठेव, आणि आठवण आली तर टोपण शोध.

तुझी,
ताई

२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मशीनचं वाचलं आणि तसाच उठून काकाच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो. मेस्त्रींना म्हटलं, जरा चालू करून ठेवा. डोळे मिटले. आवाज आधी तळपायातून येतो, मग पाठीतून, आणि मग तो आवाज राहतच नाही, आपण त्याच्यात असतो. ताई, मी लाँचच्या खालच्या बाकावर होतो. गोल खिडकीत हिरवं पाणी वरखाली होत होतं. तेलाचा वास येत होता. बाबांचा हात माझ्या पोटावर होता, मी बाकावरून घरंगळू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने ते काहीतरी पिळत होते. तू वर डेकवर पायऱ्यांवर बसून पाय हलवत होतीस, मला फक्त तुझ्या चपला दिसत होत्या. मेस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि मी जागा झालो. झोपलो नव्हतो, तरी जागा झालो.

तर काळीच. मेस्त्री म्हणतात की दुधी गाडी नाजूक आहे, तिचा एकेक भाग आता शोधत हिंडावं लागतं. काकाची कातडी जाड आहे, अजून खूप चालेल.

ड्रायव्हरचं म्हणशील तर इथला एक ओळखीचा माणूस आहे, तो गाडी तुमच्यापर्यंत आणून सोडेल. पुढे तिथे कोणीतरी रोजचा बघता येईल. मी येणारच आहे, पण मधे एका बोटीला रंग द्यायचं काम आलंय, आणि डोंगरापलीकडे एक गाव आहे, तिथे म्हणे पतंगाचा कागद बनवतात. ते बघून येतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भोवरा

२८ ऑक्टोबर

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

थोडक्यात लिहिते. तुझं पत्र वाचून दाखवलं. लाँचचा भाग बाबांनी दोनदा वाचायला लावला. नंतर त्यांनी विचारलं की चालवणार कोण. मी सांगितलं, कोणीतरी रोजचा बघू. त्यांनी चष्मा काढला, मिटून ठेवला आणि म्हणाले की परक्याच्या पाठीमागे मला झोप येणार नाही. बस्स. रागावले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

काल मशीन बिघडलं. दुरुस्तीवाला आठवड्याने येणार आहे.

तुला मी कधी बांधून ठेवलं नाही, आताही ठेवत नाही. पतंगाचा कागद बघून ये. फक्त आल्यावर मला सांग की तो हलका असतो का.

आज सकाळी बाबांनी तुझ्या पत्राचं पाकीट मागितलं. तिकीट बघायचंय म्हणाले. त्यांना तिकिटांचा नाद कधीपासून लागला कोण जाणे.

आशीर्वाद आहेतच, ते वापरत जा.

तुझी,
ताई

१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझं मिळाल्या मिळाल्या लिहायला घेतलंय, यावरून काय ते समज. कागदाच्या गावाला गेलो नाही. सकाळपासून काकाला धुतोय. धुऊन झाला तरी धुतोय. घराच्या दारातून आतही जाता येतं हे मी विसरलो होतो, आणि आता त्या दारातून रोज संध्याकाळी आत जायचं म्हटलं की तळपाय शिवशिवतात. बाबांना तोंड कसं दाखवायचं तेही कळत नाही. लाँचवर कामाला ये म्हणाले तेव्हा मी जो निघालो तो आजवर फिरतोच आहे. मला वाटतं

ताई, वाक्य अर्धंच राहू दे. मधेच मेस्त्रींनी हाक मारली, फाटकात एक म्हातारे गृहस्थ आले होते, हातात तुझ्या दुकानाचं नाव असलेली पिशवी आणि माझ्या पत्राचं पाकीट. घाबरू नकोस, बाबा इथे आहेत. बसमध्ये सगळी वाट झोपले आणि कंडक्टरने उठवलं ते बरोबर जागी, याचंच त्यांना जास्त कौतुक वाटतंय. मी गाडी दाखवायला पुढे झालो तर म्हणाले की गाडी तू बघितली आहेस, मी ड्रायव्हर बघायला आलोय.

बॉनेटवर एकदा तळहात ठेवला, मागचं दार उघडून बसले, आणि एक फेरी मार म्हणाले. मी पुढे बसलो, चालू केली, आरशात बघितलं. झोपले होते. तोंड किंचित उघडं.

मेस्त्री म्हणाले की कागदपत्रं मागून पाठवतो. इंजिन बंद करायची माझी हिंमत नाही, म्हणून हे स्टिअरिंगवर वही टेकवून लिहितोय. वाटेतल्या पेटीत टाकीन. बहुतेक आम्हीच आधी पोचू.

त्या चादरी मशीनमधून काढ आणि वाळत घाल.

तुझा,
भोवरा