तीन मिनिटांतली लेकरं

स्टोनी फोर्क, ४ ऑगस्ट १९२७

ती. ऑर्लेनाताईस,
टेसीचा सा. न. वि. वि.

आईचं गाणं तबकडीवर चढलं! न्यूयॉर्कचे तबकडीवाले ब्रिस्टलला उतरल्याचं कळलं, तशी मामाची गाडी मागितली आणि आईला बळेच नेलं. ती पायानं ठेका धरते ना, त्याची धपधप यंत्रात शिरायला लागली. मग साहेबानं तिच्या पायाखाली चक्क गोधडी घातली. आई म्हणाली, आमच्यात गोधडी पाहुण्याच्या अंगावर घालतात. पण गायली काय, ताई! आपली आई म्हणून सांगत नाही, तिच्या तोडीचं तिथं कुणी नव्हतं.

तुमच्या गावच्या दुकानात तबकडी आली की ऐक. मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी,
टेसी


गॅस्टोनिया, ११ नोव्हेंबर १९२७

चि. टेसीस,
अनेक आशीर्वाद.

तबकडी ऐकली. गिरणीतल्या सगळ्या बायांना मी तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, की आईनं सात लेकरांवर सात कडवी रचलीत आणि पहिलं माझं आहे. तबकडी संपली तरी माझं नाव आलं नाही. बाया डोळे पुसत होत्या, असा तिचा गळा. मीही रडले, पण माझं रडणं निराळं.

खरं सांग, मी न विचारता गिरणीत निघून आले, तो राग अजून आहे का? असेल तर नाताळला मी येत नाही.

आईला जप, स्वतःलाही.

तुझी,
ऑर्लेना


स्टोनी फोर्क, २० नोव्हेंबर १९२७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक माझी, बाई. तेव्हाच लिहायला हवं होतं. तबकडीवर तीनच मिनिटं मावतात. साहेब म्हणाला, तीन कडवी ठेवा. मी आईला म्हटलं, पहिली तीन म्हण, म्हणजे ताईचं येईल. ती बॅन्जोच्या खुंट्या पिळत बसली. मग म्हणाली, की माझी चार जिवंत आहेत, रुसली तरी हाकेला ओ देतील. एझ्रा, लूला आणि धाकटं टेकडीवर मातीत निजलीत. मी गेल्यावर त्यांची नावं कोण घेणार? तीच तिघं ती गायली.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. मग म्हणाली, तिला लिही, तुझं कडवं दुकानात मिळत नाही, ते घरी येऊन ऐकावं लागतं.

वाट पाहते आहे, आईही.

तुझी,
टेसी