पाण्याखाली अहो नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

कान! अगं बाई, माझे कान! जरा खोल गेले नाही तोच दोन्ही बाजूंनी कोणीतरी सुया खुपसल्या. जन्मभर नर्स म्हणून लोकांना सुया टोचल्या, त्याचा सूड असावा. सूनबाईनं खूण केली — नाक दाबा, फुंकर मारा. मारली. टुच्! मोकळे.

पाणी एकदम नितळ होतं म्हणे, प्रवाहही नव्हता. मी मात्र फक्त सूनबाईचे पाय आणि माझेच बुडबुडे पाहिले.

सगळ्यांना सांगून आलेय की निवृत्तीनंतरची हौस आहे. हौस कसली! सूनबाई घर सोडून इथं समुद्रात बुड्या शिकवायला आली त्याला आठ महिने झाले. चिरंजीव तिकडे तोंड पाडून बसलेत. काय बिनसलं विचारावं, तर दोघांचं एकच उत्तर — "काही नाही." काही नाही म्हणून कोणी घर सोडतं? तिला समजावायचं आणि परत न्यायचं. वॉर्डात मी भल्याभल्यांना वठणीवर आणलंय, ही काय!

४ फेब्रुवारी, बुधवार

बोलायचं कुठे? पाण्यात तोंडात नळी. बोटीवर इंजिन. तिच्या खोलीवर जावं, तर खालच्या दुकानात टाक्यांत हवा भरायचं यंत्र धडधडतंय! आठ महिन्यांचं साठलेलं घेऊन आलेय आणि तोंडाला कुलूप.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डोळे उघडले. प्रवाळ म्हणजे दगड असं मी समजत होते. दगड कसले — जिवंत! पिवळे, जांभळे, मेंदूसारखे, कोबीसारखे. आणि सारखा कुरुम कुरुम आवाज. पोपटमासे प्रवाळ खात होते! खातात दगड आणि शी करतात वाळूची. वर आल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, ही किनाऱ्यावरची पांढरी वाळू आहे ना, ती बरीचशी तीच."

मी काल त्या वाळूवर पाय पसरून केळं खाल्लं होतं. छी!

एक फांदी पांढरीशुभ्र होती. मी हात जोडले, काय सुंदर म्हणून. तर ती आजारी निघाली. पाणी फार तापलं की रंग जातो म्हणे. मला पेशंट ओळखता येईना — निवृत्त झाले ते बरं झालं.

७ फेब्रुवारी, शनिवार

बोटवाला आज सूनबाईवर तडकला. कारण मी. "अहो आई, जरा हळू याल का? अहो आई, तेवढा हवेचा काटा बघता का?" हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले. म्हणतो, "शिकवताय की पाहुणचार करताय? हुकूम सोडा!" सूनबाई लाल. सासूवर हुकूम कसा सोडायचा बिचारीनं!

पाण्याखाली मात्र तिचं बरं असतं. हाताच्या खुणांना अहो नसतं. तळहात असा तोंडासमोर आणते की बस्स — थांब म्हणजे थांब! खरं सांगू? मला आवडतं ते.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाणी गढूळ, स्वतःचा हात दिसेना. चिरंजीवांचा फोन — "रविवारी येतोय, तोवर तिला तयार ठेव." जसं काही पार्सल बांधून ठेवायचंय!

१० फेब्रुवारी, मंगळवार

नारिंगी पट्ट्यांचे जोकर मासे पाहिले. घरात बाईचं राज्य. आणि ती मेली की नवराच बाई होतो! सूनबाईनं शपथेवर सांगितलं. आमचे हे असते तर म्हणाले असते, "मी तर तुझ्या जिवंतपणीच झालो होतो." दोघी पोट धरून हसलो.

हीच वेळ म्हणून विषय काढला. "रविवारी तो येतोय." तिचं हसू गेलं. "बरं, आई." आणि निघून गेली टाक्या मोजायला. अस्सा राग आला मला! स्वतःवर की तिच्यावर, कळेना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार



आज बाहेरच्या कड्यावर गेलो. तिथं प्रवाळ संपतं आणि खाली नुसतं निळं. कडेला एक कासव स्वस्थ तरंगत होतं आणि इवलेसे मासे त्याची मान, पाठ, बगला टोचून टोचून साफ करत होते. आमच्या वॉर्डात पेशंटचं अंग कोणी इतकं नीट पुसलं नाही! कासव निघालं. मीही निघाले त्याच्यामागे. प्रवाह कधी लागला, कळलंच नाही. काटा बघायचं तर डोक्यातच नाही.

एकदम टाकीला मागून हिसका. सूनबाई! माझा काटा माझ्याच डोळ्यांपुढे धरला — लाल, हवा संपत आलेली! दंड पकडून हळूहळू वर आणलं, मध्ये थांबवायचं तिथं थांबवलंही. मी हातपाय झाडत होते, तिनं सोडलं नाही.

डोकं बाहेर आलं मात्र —

"अगं ए आई, वेड लागलंय का तुला? काटा बघ, काटा बघ म्हणून घसा कोरडा केला मी! मेली असतीस ना!"

बोटवाल्यानं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

मग तिनंच तोंडावर हात ठेवला. "सॉरी आई... म्हणजे, तुम्हाला..."

"खबरदार पुन्हा तुम्ही म्हणालीस तर!" मी ओरडले. माझी आई गेल्यापासून मला असं कोणी रागावलं नव्हतं. रडूच आलं.

संध्याकाळी दुकानामागे नळावर बुडीचे सूट धूत बसलो होतो. आपणहून बोलायला लागली. "तुला सांगू का गं? तिकडे घरी होते तेव्हाही मी बुडीला गेले की तो बोटीवर फोन करायचा. आज जोडीला कोण, बाई की पुरुष? वर यायला उशीर का? रोज! एक दिवस माझा रबरी सूट कात्रीनं कापून पलंगावर ठेवला होता. नीट, बाह्या वेगळ्या, पाय वेगळे."

हातातला सूट मी नळाखाली तसाच सोडला. "मला का नाही सांगितलंस?"

"अहो-जाहोत कसं सांगणार गं हे?"

माझा मुलगा. मीच वाढवलेला. नळ चालूच राहिला, दोघींपैकी कोणी उठलं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी फोन केला. म्हटलं, रविवारी येऊ नकोस. "आई, तू माझी आई आहेस ना?" म्हणाला. म्हटलं, "आई तुझीच रे. बाजू तिची."