रांगेतल्या वहाणा

सोमवार, ६ जानेवारी

मोताळ्यात येऊन चारच दिवस झाले, पण गाव आवडून गेलं. देऊळगाव राजाच्या घराला कुलूप लावताना डोळे भरले होते. गजेंद्र म्हणाला, आप्पा, आता एकट्यानं राहणं पुरे. लेकाचं खरंच होतं. शिवाय इथं नात आहे. मयुरीच्या शाळेत संक्रांतीनंतर कवितापाठ आहे, आणि शिकवायचं काम माझ्याकडे. एस.टी.त तिकिटं फाडताना गुणगुणायचो तीच कविता निवडली:

ओढ्याकाठी बाभूळ वेडी, सोने उधळी पाण्यावर,
घरी निघाली गुरे-वासरे, नाव कुणाचे ओठांवर?

हे म्हणताना आमचे गुरुजी खिडकीबाहेर बघायचे. आम्हीही बघायचो. बाहेर काहीच नसायचं, तरी दिसायचं.

घरामागेच दवाखाना आहे. डॉक्टर थोडा वेळ येतात, बाकी कारभार संजीवनी सिस्टरचा. शाळेसारखं वेळापत्रक: सोमवारी साखर, मंगळवारी ब्लडप्रेशर, बुधवारी डोळे, गुरुवारी ड्रेसिंग. नंबर लावायची रीत फार गोड. आपल्या चपला पायरीखाली रांगेत ठेवायच्या आणि निंबाखाली ऊन खात बसायचं. माणसं गप्पा मारतात, चपला वाट बघतात. यावर कुणी कविता कशी केली नाही, नवलच.

मंगळवार, ७ जानेवारी

रांगेत सगळ्यांच्या पुढं एक जोड कायम असतो. टायरच्या तळाच्या वहाणा. डावीचा पट्टा दुखऱ्या अंगठ्यासाठी कापून मोकळा केलेला. सगळे त्या जोडामागून नंबर लावतात. भाजी विकणाऱ्या वच्छलाबाई बाकावर होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, उकंडरावच्या हायेत. साखरेची जखम होती. दिवाळीत ड्रेसिंगले आत गेला, थो टेबलावरच गेला. मयत मागच्या दारानं नेलं, वहाणा इथंच राह्यल्या. मी म्हटलं, मग कुणी उचलत का नाही? तर म्हणतात कशा, "तुमीच उचला ना मंग, कंडक्टरसाहेब! रिकामी सीट दिसली की लोकायले बसवतच होते ना तुमी!"

सगळे हसले. मग जो तो आपापल्या चपलांकडे बघायला लागला.

सिस्टर रोज पहिली हाक उकंडरावांनाच मारतात. दाराकडे बघत क्षणभर थांबतात, मग पुढचं नाव घेतात. मला वाटलं, काय माया आहे!

बुधवार, ८ जानेवारी

डोळे तपासले. सिस्टरनी थेंब टाकले आणि सगळं जग दुधात बुडालं. भिंत धरत पायरी उतरलो, पाय चाचपडत चपलांत घातले आणि घरी आलो. वाटेत मऊ वाटत होतं. जणू वर्षानुवर्षं माझ्याच पायाला बेतलेलं.

दारात मयुरी ओरडली, आबा, ह्या कुणाच्या?

उकंडरावांच्या वहाणा. शरमलो. गजेंद्र बदलून आणायला गेला तर तिथं माझ्या चपला नव्हत्याच. कुणीतरी घालून गेलं. मग वहाणाही त्यानं परत आणल्या.

मयुरीला फळ्यावरचं दिसत नाही म्हणे. पुढच्या बुधवारी तिचेही डोळे दाखवायचे ठरलं.

गुरुवार, ९ जानेवारी

उठलो तर डाव्या अंगठ्याला जखम. काल नव्हती. वहाणा घालूनच दवाखान्यात गेलो. दुसरं होतंच काय पायात घालायला?

सिस्टरनी पहिली हाक मारली, उकंडराव. आणि मी उठलो. मी! सांगितलं, बाई, मी देवानंद. त्या हसल्या, रोजचीच थट्टा म्हणाल्या. हात मात्र हलका आहे त्यांचा. वच्छलाबाई म्हणाल्या, "बरे दिसून राह्यले आज, उकंडराव." माझ्या नजरेला नजर दिली नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

डावी वहाण निघत नाही. पाय सुजून पट्टा रुतलाय. हाताला गुरांचा वास येतो. मी जन्मात गुरं पाळली नाहीत. मयुरीला कविता म्हणून दाखवायला बसलो — सोने उधळी पाण्यावर — पुढं? पुढची ओळ गेली. पन्नास वर्षं जिभेवर होती.

पोरगी आईमागे लपली. गजेंद्र दारात आला. किती अदबीनं बोलला! म्हणाला, काका, वाट चुकले का? दवाखाना मागच्या बाजूला आहे.

वहीची पिशवी तेवढी काखेत होती. त्यानं स्वतः हात धरून आणून सोडलं.

शनिवार, ११ जानेवारी

ड्रेसिंगच्या खोलीत खाट दिलीय. खिडकीला गज. कडी बाहेरून. सिस्टर म्हणतात, जखम भरली की घरी जा. कुणाच्या घरी, ते सांगत नाहीत.

खिडकीतून रांग दिसते. माझ्या तपकिरी चपला दिसल्या, तुटक्या बकलाच्या. त्या घालून एक म्हातारा निघाला. माझा सदरा. माझं वाकणं. मयुरीनं त्याचं बोट धरलं. तो तिला म्हणून दाखवत होता — घरी निघाली गुरे-वासरे —

हीच. हीच ओळ.

हाका मारल्या. त्यानं वळून बघितलं. कधी पाहिला नव्हता, तरी ओळखला: उकंडराव. डोळ्यांत दया होती, पण थांबला नाही.

सोमवार, १३ जानेवारी

पाय घोट्यापर्यंत काळा. वच्छलाबाई खिडकीशी आली होती. तिले म्हटलं, मले काढ. ती म्हणे, उकंडराव अंगठा उठवत होता कागदावर, तुमी तं लिवता. तुमी थो नाही, मले ठाव हाय. पण कडी काढली त मह्यावर येईन. रडत गेली.

अक्षरं वाकडी होऊन राह्यली. 'क' कसा काढतात ते आठवावं लागते.

मंगळवार

संक्रांत. तिळाचा वास घराकडून —

वहाणा निघाल्या. आपोआप. सिस्टरनं उचलून बाहेर नेल्या. रांगेत. सगळ्यायच्या पुढं.

उद्या बुधवार. थेंब टाकतीन. कोणाले दिसनार नाही.

कोनी तरी घाला. देवा, कोनीबी. मी सुटीन —

बुधवार

काळं गुडघ्यावर. दार उघडलं पायरीवरचं. कोनी तरी उतरून राह्यलं, भिंत धरून, डोये मिटून. पाय चाचपते —

लहान पाय. पैंजन —

मयुरी. नको. पोरी त्या नको घालू त्या माह्या हायेत त्या मा