निळी गाठ

११ डिसेंबर

आली एकदाची भिंगरी! माझी नात. नऊ वर्षांची आहे, पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून भिंगरी. दहा दिवस राहणार. लेकीला दवाखान्यात जादा पाळ्या लागल्यात, नर्सचं काम, नाही म्हणायची सोय नाही. बूट काढायच्या आत पोरगी म्हणते, "आजी, मला विणायला शिकव." आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं माझं.

लेक दारातच उभी. बस म्हटलं तर घड्याळ दाखवलं. जाताना म्हणाली, "शिकव आई. पण तिचं तिला करू दे हं."

त्या "हं"पाशी माझी दुपार अडकली.

ही वही भिंगरीनेच दिली. "सोप्या युक्त्या लिहून ठेव, मी विसरले तर." चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. युक्त्या तिला वेगळ्या कागदावर देईन. वही मात्र मी ठेवून घेणार. घरात माझ्या एकटीचं असं काही नव्हतंच आजवर, चष्मासुद्धा हे घालतात.

१२ डिसेंबर

पहिली युक्ती. टाके घालताना दोन सुया जोडून धरायच्या आणि दोन्हींवर मिळून घालायचे. झाले की एक सुई ओढून घ्यायची. टाके आपोआप सैल पडतात. नवशिक्याचा हात घट्ट असतो. भीतीने. मग सुई आत शिरत नाही, रडू येतं आणि विणकाम माळ्यावर जातं.

दुसरी. लोकरीचा गुंडा पातेल्यात ठेवायचा. नाहीतर पळतो पलंगाखाली आणि येताना वर्षभराचा केर घेऊन येतो. आमच्या घरात केर नसतो म्हणा. हे ऐकून हे पलीकडून खोकले. खोकला खरा नव्हता.

काय करायचं तेही ठरलं. आजोबांच्या चष्म्याला घर. वीस टाके, सगळ्या ओळी सुलट, दोन वीत लांब पट्टी. मध्ये दुमडायची, दोन बाजू शिवायच्या. झालं! याहून सोपं जगात काही नाही. लोकर पिवळी घेतली, म्हणजे ह्यांना दिसेल तरी.

पोर पटकन शिकली. इतकी पटकन की मीच गडबडले. एक मात्र खोड — धागा करंगळीला दोनदा गुंडाळते. मी सोडवला. तिने पुन्हा गुंडाळला. "असं कुणी शिकवलं?" म्हटलं. "असंच येतं," म्हणाली आणि मान खाली घातली.

लेकही लहानपणी असंच गुंडाळायची. रक्तात उतरतं वाटतं हेसुद्धा.

१३ डिसेंबर

बारा ओळी झाल्या. आज विणण्यापेक्षा बोलणंच जास्त.

१४ डिसेंबर

थंडी वाढली. ह्यांनी लाल मफलर काढला. भिंगरीने विचारलं, हा आईने विणला ना? हे म्हणाले, "हो तर!" मी लोकर शोधायला आत गेले. लोकर माझ्या हातातच होती.

लिहूनच टाकते. वहीला कुठे तोंड आहे.

लेक अकरा वर्षांची होती. ह्यांच्या वाढदिवसाला तिने मफलर विणला, दीड महिना खपून. कडा नागमोडी. पाच ठिकाणी टाके गळलेले, बोट जाईल एवढी भोकं. शेवटच्या ओळीला लाल लोकर वीतभर कमी पडली, तर हिने निळा तुकडा जोडला आणि काठावर बोराएवढी गाठ मारली. मला अभिमानाने दाखवून म्हणाली, "गाठ मुद्दाम मोठी मारलीय. बाबांना अंधारातपण कळेल कोणता आपला."

वाढदिवसाला चार दिवस होते. हे दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे, गिऱ्हाईकांसमोर तो मफलर घालून बसणार. लोक काय म्हणतील? माझ्या विणकामाला साऱ्या गल्लीत नाव. लेक शाळेत गेली की मी बसायचे. उसवला. लोकर ओली करून, लाटणं बांधून टांगली, कुरळेपण काढलं. तीन दुपारी पुन्हा विणला. टाका न् टाका सारखा. माझ्या हाताला लाल लोकर पुरली, उलट उरली. निळ्याची गरजच पडली नाही.

आणि मी काय समजत होते? की पोर खूश होईल!

ह्यांनी पुडकं उघडलं. शेजारीण म्हणाली, "अगदी आईसारखा हात गं!" लेकीने मफलर हातात घेतला. टोक चाचपलं. मग दुसरं टोक. सुया पुसून माझ्या पेटीत ठेवल्या आणि अभ्यासाला बसली.

परत कधी मी तिच्या हातात सुई पाहिली नाही. तीस वर्षं झाली.

१६ डिसेंबर

काल लिहिलं नाही. हिंमत झाली नाही.

काल दुपारी भिंगरी खाली खेळायला गेली होती. पट्टी खुर्चीवर. बघते तर टाका गळलेला, सहा ओळी खाली घसरलेला, आणि मोजणी भरावी म्हणून हिने कडेला नवा टाका घातलेला. म्हटलं, नुसतं बघू. हात काय ऐकतात? सर्र करून सहा ओळी उसवल्यासुद्धा.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. एकच शब्द बोलले. "परत?"

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. आणि तीस वर्षं तो मफलर गळ्यात घालून "लेकीने विणला" म्हणत राहिले. कुणासाठी? तिच्यासाठी की माझ्यासाठी?

मग मी वेड्यासारखं काय केलं, तर सहा ओळी परत विणायला बसले — चुकीच्या. टाका मुद्दाम गाळला. तो घसरेना, तर सुईने ओढला. कडेला जादा टाका घातला. चाळीस वर्षांत एवढं अवघड काही विणलं नाही. माझं भोकसुद्धा नेमकं मध्यावर, गोल, नीटनेटकं आलं.

भिंगरी वर आली. पट्टी उचलली. "आजी, हे माझं भोक नाही."

"तुझंच गं, राणी."

"माझं तिरकं होतं."

पट्टी ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी इथेच. गुंडा मात्र पातेल्यात शहाण्यासारखा बसलेला.

१७ डिसेंबर

सकाळी तिला सगळं सांगितलं. मफलर, त्या तीन दुपारी, निळी गाठ. चूक माझी, म्हटलं. नऊ वर्षांच्या पोरीला हे म्हणायला इतकं सोपं गेलं! जिला म्हणायला हवं तिला कधी जमलं नाही.

ती म्हणाली, "आईने सांगितलं होतं, तुला राहवणार नाही म्हणून." रागाने नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं.

मग माझ्या ओळी तिने स्वतः उसवल्या. जीभ बाहेर काढून पुन्हा विणल्या. टाका पुन्हा गळला, आता भलत्याच जागी. "आता हे माझं," म्हणाली. मी हात मांडीखाली घेऊन बसले होते.

युक्ती लिहायची तर हीच. शिकवणाऱ्याने आपल्या हातांवर बसावं.

१९ डिसेंबर

चष्म्याचं घर तयार. एक बाजू लांब, एक आखूड. भोकातून चष्म्याची काडी बाहेर डोकावते. ह्यांनी चष्मा आत ठेवून पाहिला. म्हणाले, "छान. चष्म्यालापण खिडकी हवीच." दिवसभर खिशात मिरवलं.

२१ डिसेंबर

लेक न्यायला आली. येण्याआधी मी वाक्य पाठ केलं होतं. तीनदा. भांडी घासताना, केस विंचरताना, दार उघडायच्या आधी.

तिने पिवळं घर हातात घेतलं. बोट बरोबर भोकावर गेलं. "बाबा, हे कुणी केलं?" हसली. मग माझ्याकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. आता बोलायचं, आता —

"साखर किती घालू?" मी विचारलं.

पोटच्या पोरीच्या चहात साखर किती, हे मला माहीत नाही होय?

गेल्या दोघी. वरून बघत राहिले, कोपऱ्यापर्यंत.

२३ डिसेंबर

भिंगरीचा फोन. आवाज दबका. "आजी, आईला सांगू नकोस हं. विणायला मला आधी आईनेच शिकवलंय. ती सुट्टीच्या दिवशी विणते. तिच्याकडे दोन खोकी भरून मफलर आहेत, सगळे लाल, सगळे आजोबांच्या मापाचे. कुणाला देत नाही. आणि प्रत्येकाच्या टोकाला निळी गाठ आहे."

रिसीव्हर खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मग लेकीला फोन लावला. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. म्हटलं, "बाबांना मफलर हवाय. माझ्या हातचा नको. भोकं असलेला दे."

तिने फोन ठेवला नाही. मीही नाही.