भारहीन

सिस्टर,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. पृथ्वी गोल आहे तर स्वर्ग नेमका कुठल्या बाजूला, एवढंच मी कॉन्व्हेंटात तुमच्या वर्गात विचारलं होतं. तुम्ही "डोन्ट बी चीकी", आगाऊपणा नको, म्हणून मला तासभर बाकावर उभं केलंत. तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली, मी स्वतः शाळेतली बाई होऊन निवृत्तही झाले, तरी तो तास काही संपत नाही.

पण आज महाडच्या घरात कागद घेऊन बसले ते वेगळ्याच कारणाने. मी पोलादपूरला शिकवत होते, गावात नुकती मोबाइलची रेंज येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. मुलांच्या एका मासिकात एका अंतराळवीराने आपला प्रवास लिहिला होता. सातवीच्या वर्गात मी तो वाचून दाखवला. झोपताना स्वतःला पिशवीत बांधून घ्यायचं, पाण्याचा थेंब गोळीसारखा तरंगतो, शरीर भारहीन होतं. आणि परतल्यावर हातातला पेलासुद्धा जड लागतो. मासिकाने अंतराळवीरासाठी प्रश्न मागवले होते, प्रत्येक शाळेकडून एक.

आंबेनळीकडच्या वाडीतली एक मुलगी रोज लाकडाचा भारा घरी टाकून मग शाळेत यायची. भारहीन म्हणजे डोक्यावर भारा नसलेला, असंच तिला वाटलं. "बाई, तिथं भारा नाय म्हंजे मान हलकी होत असंल. मग खाली आल्यावर परत भारा उचलावासा वाटतो का?"

वर्ग खिदळला. "गो, रॉकेटात काय चूल हाय?" शेजारची म्हणाली.

"मग जेवतात ते कशावर शिजवतात?"

तिने प्रश्न कागदावर लिहून दिला. मी त्यावर लाल काट मारली आणि त्याऐवजी माझाच प्रश्न पाठवला, 'विद्यार्थ्यांना आपण काय संदेश द्याल?' आमची शाळा अडाणी दिसू नये म्हणून. तो छापून आला नाही. शंभर शाळांनी तोच धाडला असणार! तुम्ही निदान मला तोंडावर गप्प केलंत, सिस्टर. मी तिला सांगितलं, "तुझाच पाठवलाय." सातवीनंतर तिची शाळा सुटली, तरी बाजारात दिसली की विचारायची, "बाई, त्यांचं उत्तर आलं?" मी म्हणायचे, "टपालाला वेळ लागतो." पुढे पुढे मी रस्ताच बदलू लागले.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच हातून लिहून झालं. जिला हे सांगायला हवं, तिचं सासर कुठे आहे, ते मला ठाऊक आहे.