ह्यांच्या चित्राला आलेला हार

डोंबिवली (पूर्व),
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. गोदाताईस शकूचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धीच वाकले, उरलेला भेटीत). तुझे गुडघे, दातांचा नवा डॉक्टर आणि तुळशीला लागलेली कीड, तिन्हींची खुशाली कळव. टिटवाळा ते डोंबिवली एवढ्याशा अंतराला पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा मी चित्रकलेच्या क्लासचं नाव काढलं मात्र, ‘नातवंडं खेळवायच्या वयात कसली ही थेरं’ म्हणून तू जी सुरू झालीस, ती माझा चहा गार होईपर्यंत. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

क्लास ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ एका जुन्या इमारतीच्या माडीवर भरतो. शिकवणारे काळुराम सर माजिवड्याचे, माझ्या मुलाच्या वयाचे. मला मावशी म्हणतात, पण हातात पेन्सिल आली की मावशीबिवशी सगळं विसरतात (फारच चिडले तर घरच्या आगरी बोलीवर येतात, मग शब्द कळले नाहीत तरी आपलं चुकलंय एवढं नक्की कळतं). पहिल्या दिवशी त्यांनी समोर एका मुलीला बसवलं आणि चेहरा काढायला सांगितला. मी आपले शाळेत काढायचे तसे दोन बदाम, त्यांत दोन मणी, मध्ये नाकाचा सात, असं करून मोकळी झाले आणि इतरांचं बघत बसले. सर माझ्या कागदापाशी आले. मग म्हणाले, “मावशी, हा तुम्हाला माहीत असलेला डोळा झाला. तिचा कुठेय? माहीत आहे ते नका काढू, दिसतंय ते काढा ना!” मला राग आला, ताई. एवढा संसार केला तो काय न बघता? पण घरी येऊन बघते तर रोज हातात असलेल्या कपाचा कानसुद्धा मला धड काढता येईना.

पुढे माणसांच्या आकृत्या आल्या. उठणारी, बसणारी, वाकणारी माणसं भरभर काढायची, म्हणून सरांनी आम्हाला बाजारात पिटाळलं. मी आपल्याच स्टेशनबाहेर भाजीवाल्या गंगुबाईसमोर वही उघडून उभी राहिले. चष्मा, खांद्याला पिशवी, एकदा तिच्याकडे आणि एकदा वहीत बघणं, एवढं पुरलं. गंगुबाईला वाटलं पालिकेचं माणूस आलं. तिने जी आरोळी ठोकली, ती ऐकून डोळ्याचं पातं लवतंय तोवर अख्खी रांग टोपल्या डोक्यावर घेऊन गल्लीत पसार झाली. रस्त्यावर उरले मी आणि एक दुधी. (तो मी नंतर तिला नेऊन दिला, नाहीतर तू लगेच विचारशील.) वही दाखवल्यावर गंगुबाई इतकी हसली की शेजारणींनाही बोलावून आणलं. आता मी गेले की मुद्दाम पाठमोरी वाकून मेथी निवडत बसते आणि ‘काड गं बाय, माजी पाठ काड’ म्हणते. तिच्या कृपेने पाठ, मान आणि अंबाडा हे मला आता झोपेतही काढता येतात.

झोपेवरून आठवलं. सरांनी घरातल्या माणसाचं व्यक्तिचित्र करून आणायला सांगितलं, तेव्हा मी ह्यांना धरलं. आधी नाहीच म्हणाले. त्यांच्या घरी फोटो होऊन भिंतीवर चढतो तो माणूस गेलेलाच असतो. शेवटी श्रीखंडाच्या लालचीने रविवारी दुपारी खुर्चीत बसले, आणि श्रीखंडच ते, बसल्या बसल्या घोरायला लागले. मी काय करणार? दिसतंय ते काढा! मिटलेल्या डोळ्यांसकट काढलं. आणि ताई, काय सांगू, उतरलं! कपाळावरची आठी झोपेतसुद्धा जात नाही, ती आठीसुद्धा उतरली. मी दुसऱ्याच दिवशी फ्रेम करून आणली आणि खिळा ठोकेपर्यंत हॉलमधल्या स्टुलावर उभी करून ठेवली. दिवेलागणीची वेळ, म्हणून शेजारी धुपाची वाटी ठेवली (डासांसाठी, ताई, डासांसाठी!). आणि मी आत कांदे चिरायला बसले.

तेवढ्यात समोरची निशा विरजण मागायला आली. मी दार उघडलं ते डोळ्यांना धारा लागलेल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागच्या स्टुलाकडे पाहिलं, तोंडावर हात ठेवला, माझा हात घट्ट दाबला आणि विरजण न घेताच गेली. मला वाटलं, चित्र बघून भारावली. थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली. हे नुकतेच आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आले होते, त्यांनीच दार उघडलं. दारात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पोपटराव, हातात झेंडूचा भरघोस हार, मागे जिन्यात निम्मी बिल्डिंग. ह्यांनी हार पाहिला आणि आवाज खाली आणून विचारलं, “कोण गेलं हो?” पोपटराव जे पायरीवर बसले, त्यांना पाणी द्यावं लागलं.

हार परत पाठवला. हे माझ्याशी बोलेनात. मी तर क्लास सोडायचाच ठरवला होता, पण सरांना सांगायला गेले तर ते टेबलावर डोकं ठेवून हसले. म्हणाले, “मावशी, ओळख पटली म्हणून तर हार आला! अजून काय पाहिजे?” हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी फ्रेमकडे एकदा नीट पाहिलं आणि डोळे उघडे असलेलं दुसरं काढायच्या बोलीवर पुन्हा खुर्चीत बसले. त्या दुपारी मी ह्यांच्याकडे जेवढं पाहिलं, तेवढं लग्न झाल्यापासून पाहिलं नसेल. डावी भुवई थोडी वर आहे, तुला माहीत होतं? मला नव्हतं. फार बरं वाटलं गं.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
शकू

ता. क. – क्लास लावण्याचं खरं कारण वर लिहायचं धाडस झालं नाही. आपल्या आईचा एकच फोटो, तुझ्या लग्नातला, आणि त्यात ती पंगतीत वाकून वाढते आहे. पाठ, अंबाडा आणि वरणाचं पातेलं, एवढंच आलंय. तेवढं मी काढून ठेवलंय. आता तिला आपल्याकडे तोंड करून बसवायची आहे, आणि तिथे हात थांबतो. आईचा चेहरा मला माहीत आहे, ताई, पण दिसत नाही. नाक माझं तिचंच, ते आरशात बघून काढीन. कपाळ, डोळे आणि हनुवटी मात्र तुझ्याकडे आहे. एक दिवस येऊन माझ्यासमोर बस. फोटो काढायचा म्हटलं की ‘माझा काय चेहरा उरलाय’ म्हणून तू खांबामागे जातेस, तसं करू नकोस. जो उरलाय तोच मला हवा आहे.

आणखी एक – कवळी एवढ्यात बसवून घेऊ नकोस. दात काढल्यापासून तुझं तोंड जसं आत गेलंय ना, अगदी शेवटच्या दिवसांतली आई. डॉक्टरला थोडं थांबव. मी मऊ भात करून घालीन, हवं तर पुरण.

आणि शेवटचं – येताना तुझ्या दारच्या शेवंतीचा हार करून आण. ह्या चित्राला चालतो.